चाळणीवरचं ढेकूळ

दौलत सोनकांबळे यांना कामावरून काढलं तेव्हा कंपनीनं त्यांच्या हातात दिलेल्या कागदावर एकच कारण लिहिलं होतं: चालू मशीन मुद्दाम बंद करून नुकसान करणे. हे धडधडीत खोटं आहे. मशीन त्यांनी बंद केलं नाही. कोणी केलं ते मी दहा पावलांवरून, भर दुपारी, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि चौकशीत मला विचारलं तेव्हा मी म्हणाले की मी लॅबमध्ये होते, मला काही दिसलं नाही. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी कंपनीवर आणि मॅनेजरवर जी आगपाखड करणार आहे, ती वाचून तुम्हाला वाटायचं की बाई फार सरळ आहे.

माझं नाव त्रिवेणी. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली आहे, आणि त्याचा मला नको इतका अभिमान होता. आजोबा हिंगोलीकडचे शेतकरी, वडील हैदराबादला सरकारी कचेरीत लागले, मी नामपल्लीच्या एका गल्लीत वाढले. दौलतकाकांचं घराणं मूळ देगलूर तालुक्यातलं. त्यांचे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करायला या शहरात आले आणि मुसी नदीच्या काठी मिलिंदनगर नावाची मराठवाड्यातल्या बौद्ध कुटुंबांची वस्ती आहे, तिथे राहिले. काकांचा जन्म तिथलाच. आठवी झाल्यावर ते एका साबणाच्या कारखान्यात लागले, बॉयलरवर कोळसा टाकता टाकता बॉयलर चालवायची परीक्षा पास झाले आणि तो कारखाना बंद पडेपर्यंत चाळीस वर्षं तिथेच होते. त्या परीक्षेचं सर्टिफिकेट त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलेलं आहे.

आता वस्तीच्या मागच्या बाजूचं सांगते. तिथे एका ट्रान्सपोर्टवाल्याचं डिझेल यार्ड होतं. जमिनीखाली तीन टाक्या, आणि त्यातल्या दोन वीस वर्षं गळत होत्या. वीस वर्षं! भरलेलं डिझेल आणि गाड्यांना दिलेलं डिझेल यांचा मेळ बसत नाही हे मालकाला कळत नव्हतं असं मला कोणी सांगू नये. त्याला टाक्या उकरून काढायचा खर्च गळणाऱ्या डिझेलपेक्षा जास्त वाटला, एवढंच. डिझेल मातीत उतरत गेलं आणि वस्तीच्या बोअरला जाऊन लागलं. सकाळी हंड्यात पाण्यावर रंगीत साय दिसायची. बायका ती वाटीनं काढून टाकायच्या आणि खालचं पाणी वापरायच्या. दौलतकाकांच्या बायकोचे, पार्वतीबाईंचे, दोन्ही हात कोपरापर्यंत सोलवटलेले असायचे. त्या शहरातल्या कोठी भागात एका दवाखान्यात झाडू-पोछा करतात. तिथल्या डॉक्टरांनी एक दिवस सहज विचारलं की घरी पाणी कुठलं भरता, तेव्हा कुठे प्रकरण बाहेर आलं. प्रदूषण मंडळाची माणसं आली, पाणी तपासलं आणि बोअरला कुलूप घातलं. त्या दिवसापासून वस्ती टँकरवर.

ट्रान्सपोर्टवाल्याला त्याच जागेवर फंक्शन हॉल बांधायचा होता. लग्नसराईत हॉलला किती मागणी असते ते हैदराबादमध्ये कोणालाही विचारा. मंडळानं अट घातली: आधी माती साफ कर, मग हॉल बांध. म्हणून आमची कंपनी तिथे आली. त्या माणसाला वस्तीची दया आली म्हणून नव्हे.

माती साफ करायची म्हणजे तिला भाजायचं. डिझेल मुरलेली माती खणून काढायची आणि एका लांब, आडव्या, गोल फिरणाऱ्या लोखंडी ड्रममध्ये सोडायची. ड्रमच्या तोंडाशी गॅसची ज्योत असते. माती आतून लोळत लोळत पुढे सरकते, साडेतीनशे अंशांपर्यंत तापते, मातीतल्या डिझेलची वाफ होते, आणि ती वाफ दुसऱ्या भट्टीत नेऊन पार जाळून टाकतात. ड्रमच्या दुसऱ्या टोकातून माती कोरडी, तांबूस होऊन पडते. तिच्यावर पाणी मारून तिचा ढीग लावायचा, ढिगाला नंबर द्यायचा, नमुना लॅबमध्ये तपासायचा आणि पास झाला की ती माती परत त्याच खड्ड्यात भरायची. लॅब म्हणजे पत्र्याची एक केबिन. तिची मालकीण मी.

साइटचा मॅनेजर कुलदीप. माझ्यासारखाच इथे वाढलेला मराठी मुलगा, चौतीस-पस्तीसचा, मराठी बोलतो पण वाचायला दिलं की अक्षरं चाचपडतो. दौलतकाका कामाला आले तेव्हा मी तिथेच बसले होते.

"अंकल, हे बॉयलर नाहीये," कुलदीप म्हणाला. "या वयात ये काम कायकू करना तुम्हाला?"

"खड्डा माझ्या घराच्या मागं हाय," काका म्हणाले. "आमची बोअर तिथून साठ पावलांवर हाय. माती नीट भाजून खड्ड्यात गेली तर बोअर उघडंल. नीट भाजली का नाही, ते मला बघायचंय."

कुलदीप हसला आणि घेतलं त्यांना. कारण बॉयलरचं सर्टिफिकेट असलेला माणूस इतक्या कमी पगारात मिळत नाही.

काका तसे गोड माणूस अजिबात नव्हते, हेही सांगायला हवं. मेलेल्या किंवा हाकललेल्या माणसाला साखरेत घोळायची आपल्याला सवय असते. दौलतकाका चिडके होते. सकाळी आल्या आल्या पहिलं भांडण गॅसवाल्याशी, दुसरं लोडर चालवणाऱ्या यादगिरीशी, आणि जेवायच्या सुट्टीआधी एखादं माझ्याशी. मशीन सुरू करायच्या दिवशी कुलदीपनं पूजा ठेवली होती. हळद-कुंकू, लिंबं, नारळ, सगळं. सगळे हात जोडून उभे, आणि काका मशीनच्या मागे जाऊन गॅसच्या पाइपाच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघत बसलेले. एका जोडाला आले. नारळ तसाच हातात धरून कुलदीपला अर्धा तास थांबावं लागलं, तो जोड आवळेपर्यंत. त्या दिवसापासून तो काकांवर खार खाऊन होता.

पहिले दोन महिने काम चांगलं चाललं. उन्हाळा होता, माती कोरडी होती. पावसाळा लागला आणि सगळं बिघडलं.

मुसीच्या काठची माती काळी, चिकट. ती ओली झाली की ड्रममध्ये सुटी सुटी पडत नाही, लोळता लोळता तिचे गोळे होतात. गोळा बाहेरून भाजतो आणि आतून कच्चा राहतो. काकांना हे पहिल्याच ओल्या दिवशी कळलं. त्यांनी अफझलगंजला जाऊन चार लाकडी मोगऱ्या आणल्या आणि आपली पद्धत बसवली. खणलेली माती आधी शेडमध्ये पातळ पसरायची, एक दिवस फावड्यानं खालीवर करत वाळवायची, मग मोगरीनं ढेकळं फोडायची आणि मगच मशीनला द्यायची, तीही थोडी थोडी. ड्रममधून निघालेल्या मातीत एखादं ढेकूळ दिसलंच तर ते उचलून टाचेखाली फोडायचे, आतला भाग नाकाशी न्यायचे आणि वास आला की सगळी खेप परत ड्रममध्ये.

यात भाजून निघणारी माती निम्मी व्हायची. तासाला आठ टनांच्या जागी चार. दसऱ्याच्या आत खड्डा भरून द्यायचा कुलदीपचा वायदा होता. त्यानं शेडमधलं वाळवणं बंद केलं आणि आठचे बारा टन करायला लावले.

"काका, नक्को इतकं बारीक बघू," तो म्हणायचा. "लॅब आहे ना. लॅब पास करते, मग तुम्हाला काय परेशानी?"

आणि लॅब पास करत होती. हाच तर सगळ्यात संतापजनक भाग आहे. एकामागून एक ढीग माझ्या लॅबमध्ये पास होत होते, अगदी स्वच्छ. मी प्रत्येक ढिगातून पाच जागची माती आणायची, ट्रेमध्ये पसरायची, खडे-गोटे काढून टाकायची आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून खाली पडेल ती माती तपासायची. कामाच्या पुस्तिकेत तसंच लिहिलं होतं. ड्रममधून आलेलं ढेकूळ भाजून वीट होतं, टणक, तांबडं. मी ते खडा समजून टाकून देत होते. रोज, ट्रेमागून ट्रे. केबिनच्या मागे त्यांचा ढीग साठला होता, आणि मी शेतकऱ्याची नात, मला खडा आणि ढेकूळ यातला फरक कळला नाही.

काकांना कळला. ऑगस्टच्या शेवटी ते एक दिवस केबिनमध्ये आले, बूट न काढता, आणि मुठीएवढं एक ढेकूळ माझ्या कागदांवर ठेवलं.

"मॅडम, हे फोडा."

"काका, पायाला चिखल आहे तुमच्या."

"चिखलाचं राहू द्या. तुम्ही चाळणीखालचं तपासायलात. चाळणीच्या खाली पडतंय ते भाजलेलंच असतंय, म्हणूनच तर ते खाली पडतंय. कच्चं हाय ते वर राहतंय. तुम्ही वरचं फेकून द्यायलात."

किती साधं बोलले होते बघा. पहिलीतल्या मुलाला समजावं इतकं साधं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "काका, याला एक पद्धत असते. जगभर असंच तपासतात. तुम्ही तुमचा ड्रम बघा, मी माझी लॅब बघते."

त्यांनी ते ढेकूळ माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "तुमच्या घरी कुणी शेत केलंय का कधी?"

"आजोबांनी केलंय."

"मग त्यांनी शिकवलं नाही व्हय, ढेकूळ फोडून बघावं लागतंय म्हणून?"

मी त्यांना केबिनच्या बाहेर जायला सांगितलं. खरं तर हाकललंच. आठवी शिकलेल्या माणसानं माझ्या टेबलाशी उभं राहून मला शिकवावं हे मला सहन झालं नाही. ते ढेकूळ मी खिडकीतून मागच्या ढिगावर भिरकावलं, आणि संध्याकाळपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. त्यांच्यावर! त्या दिवशी मी एक ढेकूळ फोडलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. दोन मिनिटांचं काम होतं.

पावसाळ्यात असे अकरा ढीग पास झाले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खड्डा भरायला सुरुवात झाली. त्या दिवशी ऊन होतं, जेवणं नुकतीच झाली होती, मी केबिनच्या दारात उभी राहून हात धूत होते. यादगिरीनं लोडर सुरू केला आणि पहिल्या ढिगाची माती खोऱ्यात घेतली. काका ड्रमजवळ होते. त्यांनी मातीकडे बघितलं. मग पॅनेलजवळ गेले आणि ड्रमला माती नेणारा पट्टा बंद केला. फक्त पट्टा. ड्रम फिरतच ठेवला, ज्योत बारीक केली. हे मी नीट बघितलंय. मग ते टोपलीभर ढेकळं घेऊन सरळ लोडरसमोर जाऊन उभे राहिले.

"अन्ना, हटो ना," यादगिरी वरून ओरडला. "मॅनेजर मेरेकू गाली देता."

"देऊ दे. ही माती खड्ड्यात जाणार नाही."

कुलदीप धावत आला. काकांनी त्याच्या पुढ्यात एकामागून एक ढेकळं टाचेखाली फोडली. प्रत्येकाच्या पोटात काळं, ओलं. मी दहा पावलांवर होते, मला दिसत होतं. वासही आला असेल, पण त्या साइटवर सतत डिझेलचाच वास असायचा, असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं.

"बोअर साठ पावलांवर हाय," काका ओरडत होते. "साठ! माझी बायको ते पाणी भरणार हाय! तुझ्या आईला पाजशील का?"

आई काढल्यावर कुलदीपचं डोकं फिरलं. "काम नाही करायचं ना? मशीन नाही चालवायचं? सरे, ठीक आहे! बंदच करतो!" असं म्हणत तो पॅनेलकडे गेला आणि त्यानं लाल बटण दाबलं. आगीच्या वेळी दाबायचं ते. सगळं एका क्षणात थांबलं. ज्योत, पंखे, ड्रम.

आता हे समजून घ्या. साडेतीनशे अंशांवर तापलेला ड्रम कधीही थांबवायचा नसतो. गरम लोखंड मऊ पडतं आणि थांबलं की आपल्याच वजनानं मधोमध वाकतं. थंड होईपर्यंत तो फिरवतच ठेवावा लागतो. कुलदीपला हे माहीत असायला हवं होतं, पण तो ऑफिसात बसून मॅनेजर झालेला. काकांना माहीत होतं. ते ढेकळांची टोपली टाकून पळत आले.

"फिरवा! अरे, ड्रम गरम हाय, फिरवत ठेवा!"

कुलदीपनं पॅनेलची किल्ली काढून खिशात घातली होती. काका त्याच्याकडे किल्ली मागत होते, आणि तो नुसता शिव्या देत होता. मग काकांनी ड्रमला हातानं फिरवायचा दांडा लावला आणि एकटे जोर करू लागले. यादगिरी लोडरवरून उडी मारून आला. दोघं मिळून दांडा ओढत राहिले, छप्पन्न वर्षांचा माणूस आणि तो. ड्रममध्ये माती भरलेली होती. एकदा अर्धा फेरा फिरला, मग हलेना. पाऊण तासानं आतून मोठा आवाज आला आणि ड्रम मध्ये वाकला. काकांच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. ते तिथेच जमिनीवर बसले.

ज्या माणसानं मशीन वाचवायला तळहात सोलून घेतले, त्याच्यावर मशीन मोडल्याचा आळ! आणि ज्यानं बटण दाबलं तोच तक्रार लिहिणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलदीप माझ्या केबिनमध्ये आला, दार लावून घेतलं, आणि अगदी शांतपणे बोलला. "त्रिवेणी, अकरा ढिगांवर तुझी सही आहे. अंकल म्हणतो ते खरं मानलं, तर पहिले तुझं नाव येतं. मग माझं. सोच ले." एवढंच. धमकीसुद्धा त्याला धड द्यावी लागली नाही. मी स्वतःच घाबरायला तयार होते.

यादगिरीची त्याच दिवशी दुसऱ्या साइटवर बदली झाली. चौकशीला मुख्य ऑफिसातून दोन माणसं आली. मी म्हणाले, मी लॅबमध्ये होते, मला काही दिसलं नाही. काका समोरच्या खुर्चीवर होते, हातांना पट्ट्या बांधलेल्या. ते एरवी प्रत्येक वाक्याला भांडणारे. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नंतर त्या दोघांनी काहीही विचारलं तरी एक शब्द बोलले नाहीत.

जाताना ते केबिनपाशी आले. त्यांच्या हातात एक ढेकूळ होतं. माझ्या अकरा रिपोर्टांच्या फायलीवर त्यांनी ते ठेवलं.

"असू द्या," ते म्हणाले. "कागद उडणार नाहीत."

आणि मी ते तसंच ठेवलं. यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, सात आठवडे ते माझ्या टेबलावर होतं. ड्रम दुरुस्त झाला, खड्डा भरला, वरून रोलर फिरला, कंपनीनं माझे रिपोर्ट जोडून मंडळाकडे अर्ज केला. मी पंखा लावायचे आणि माझे कागद उडायचे नाहीत.

साइट बंद करायच्या आठवड्यात पार्वतीबाई आल्या. नवऱ्याची मोगरी आणि बूट साइटवर राहिले होते, माझ्या केबिनमध्ये आणून ठेवलेले, ते न्यायला. मी त्यांना खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. कोपऱ्यातली मोगरी घेतली, बूट पिशवीत घातले. मग त्यांची नजर टेबलावर गेली.

"हेच का ते ढेकूळ?"

मी मान हलवली.

"घरी रोज त्याचंच ऐकते मी. जेवताना तेच, झोपताना तेच. वस्तीतली माणसं तर त्यांनाच शिव्या देतात. म्हणतात, दौलतनं मशीन मोडलं म्हणून काम लांबलं, म्हणून बोअर उघडंना." त्या टेबलाजवळ आल्या. "तुम्ही फोडून बघितलं का?"

त्यांनी फाइल बाजूला सरकवली, ढेकूळ टेबलाच्या कडेला ओढलं आणि मोगरीचा एकच घाव घातला. वरचं तांबडं कवच फुटलं. आत काळी माती होती, सात आठवड्यांनंतरही ओलसर. केबिनचं दार बंद होतं. डिझेलचा वास असा भरला की मला खोकला आला.

पार्वतीबाईंनी तो चुरा बोटानं उचलला. त्यांचे हात अजून तसेच होते, सोललेले, भेगा पडलेले. "मला लिहिता-वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण एवढा वास येतोय की." आणि पिशवी उचलून गेल्या.

त्या दुपारी मी केबिनच्या मागच्या ढिगातून पंचवीस ढेकळं आणली, सगळी फोडली आणि आतली माती तपासली. मर्यादेच्या चौदा पट, एकोणीस पट, एका ढेकळात तेवीस पट. मी प्रत्येक आकडा दोनदा काढला. मग मंडळाला पत्र लिहिलं. माझे अकराही रिपोर्ट चुकीचे आहेत, ते मी मागे घेते, चूक कशी झाली, आणि वीस सप्टेंबरला लाल बटण कोणी दाबलं, तेही. कंपनीनं दोन दिवसांत मला काढलं. कुलदीपनं फोन करून मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. माझा राग त्याच्यावर होताच, आता तो माझ्या स्वतःवरही होता.

मंडळाची माणसं आली, त्यांनी खड्ड्यात तीन ठिकाणी खणलं, ढेकळं काढली, फोडली. हुकूम निघाला: भरलेली सगळी माती उकरून पुन्हा भाजायची, दुसऱ्या कंपनीकडून. बोअर आणखी निदान दोन वर्षं बंद. काकांचं काम कोणी परत दिलं नाही. त्याबद्दल कुठल्याच हुकुमात एक ओळही नव्हती.

एका रविवारी सकाळी मी मिलिंदनगरला गेले. टँकरची वेळ होती. कुलूप घातलेल्या बोअरपासून रस्त्यापर्यंत हंड्यांची रांग लागली होती, आणि रांगेत दौलतकाका उभे होते, दोन हंडे घेऊन. पार्वतीबाई कामावर गेल्या होत्या. मी त्यांच्या हातात पत्राची प्रत दिली. त्यांनी उलटसुलट बघितली.

"इंग्रजी हाय. वाचून दाखवा. मराठीत."

मी वाचायला लागले. रांगेतल्या बायका जवळ आल्या. ढेकळांचं वाचलं, चाळणीचं वाचलं, माझी चूक वाचली. शेवटी आलं: "त्या दिवशी लाल बटण मॅनेजर कुलदीप यांनी दाबलं. दौलत सोनकांबळे यांनी ड्रम वाचवण्याचा प्रयत्न केला. हे मी स्वतः पाहिलं आहे."

बायकांमध्ये कुजबुज झाली. एक म्हातारी काकांना म्हणाली, "म्हणजे तू मोडलं नव्हतंस व्हय रे?" काका माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता ते चिडतील, ओरडतील, आणि ते झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत.

"ते शेवटचं परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं.

"किती येळ लागला वाचायला?"

"काका..."

"तेवढाच येळ लागला असता त्या दिवशी बोलायला," ते म्हणाले. "माती खड्ड्यात पडायच्या आत."

टँकरचा हॉर्न वाजला. रांग हलली. मी हात पुढे केला, म्हटलं एक हंडा मला द्या. त्यांनी दिला नाही. दोन्ही हंडे उचलून ते पुढे गेले आणि आपल्या नंबरावर उभे राहिले.